बांबूची गाडी

"पाय आडवा टाकायचा नाही," आबा म्हणाले. "माणसाला बाजूला सरकता येतं, चाकाला येत नाही. ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच गाडी सोडायची."

"आन् तिकीट काढलंय त्याचं काय?" पांडानानांनी विचारलं.

"नाना, तुम्ही मागचं चाक आहात. चाक बोलत नाही."

बाराही जण हसले आणि आमच्या खांद्यांवरची गाडी वरखाली झाली.

ती गाडी बांबूची होती. तेवीस फूट लांब, साडेसात फूट रुंद अशी नुसती चौकट, मध्ये चार आडवे बांबू, आणि चाकं जिथे यायची त्या चार जागी बांधलेली पोत्याची फडकी. आबा, म्हणजे माझे वडील, बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. आगारातल्या आखूड गाडीचं माप त्यांनी स्वतः टेप लावून घेतलं होतं आणि त्या मापाची ही चौकट आमच्या अंगणात दोन दिवस बसून बांधली होती. आता ती खांद्यावर घेऊन आम्ही फाट्यापासून वाघझरीपर्यंतची सतरा वळणं चढणार होतो. कुठल्या झाडाला ती लागते का, एवढंच बघायचं होतं.

वाघझरीला बस नव्हती. फाट्यावर उतरायचं आणि सात किलोमीटर चालायचं. बाजारच्या दिवशी दोन जिपा वर यायच्या, त्यांना माणसं लोंबकळत असायची. रस्ता रुंद केला तर मोठी गाडी येईल, असं तालुक्याला ठरलं होतं. रुंद करायचा तर डोंगराकडची एकशे त्रेचाळीस झाडं जाणार होती. ऐन, जांभूळ, हिरडा, कुंभा. त्यांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे आकडेही पडले होते. गावाचा झरा त्या उतारावरच्या मुळांखालून येतो. शेजारच्या खोऱ्यात असाच रस्ता झाला, तेव्हा दुसऱ्या वर्षी तिथलं पाणी फेब्रुवारीतच आटलं होतं. म्हणून गावाला बसही हवी होती आणि झाडंही हवी होती. असं दोन्ही मागणाऱ्यांकडे कचेरीत ज्या नजरेनं बघतात, तसं आमच्याकडे बघितलं जायचं.

सरपंच शालनवहिनी तीन वेळा जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी आबांना बरोबर नेलं. आबा आगारप्रमुख मुजुमदारसाहेबांना म्हणाले, "साहेब, रस्ता रुंद करू नका. गाडी आखूड आणा."

साहेब बराच वेळ हसले. पण आबांच्या हाताखाली निम्मं आगार स्टिअरिंग धरायला शिकलं होतं, त्यामुळे हसून झाल्यावर त्यांनी ऐकून घेतलं. एक चाचणी फेरी करायची. आखूड गाडी कुठेही न घासता वर पोचली, तर एक तारखेपासून रोज दोन फेऱ्या. नाही पोचली, तर रुंदीकरणाच्या कागदावर गावानं सही द्यायची आणि परत या कामासाठी कचेरीची पायरी चढायची नाही. शालनवहिनींनी कबूल केलं.

महिनाभर गाव त्या रस्त्यावर राबत होतं. दर सोमवारी प्रत्येक घरातलं एक माणूस. कुणी चर साफ केले, कुणी खड्ड्यांत दगड बसवून वर मुरूम चोपला, कुणी खाली आलेल्या फांद्या दोरीनं वर ओढून बांधल्या. मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरीला होते, सोमवारी माझी सुट्टी असायची. मीही घमेली वाहिली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत मी आबांना पहिल्यांदाच जेवताना बोलताना पाहत होते.

"मंदा, तू मागं डाव्या कोपऱ्यात," आबांनी मला जागा दिली होती. "डोंगराकडच्या मागच्या चाकाशी. पुढचं मी बघतो. मागचं तू सांगायचंस."

बाकीच्यांना वाटलं, लेकीचं कौतुक. मला कारण माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. काचबिंदू. समोरचं दिसायचं, कडेचं जवळपास संपलं होतं. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं का हो?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "नळी बरी मोठी आहे." बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानापाशी ते थांबले. "गावात बोलू नकोस," म्हणाले. "माझं मी बघून घेईन." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पण दोघंही हसलो नाही.

बांबूची गाडी निघाली. आबा पुढे, आमच्याकडे तोंड करून उलटं चालत होते. "डावीकडं घ्या. अजून. सरळ. आता मागच्यांनी घाई नाही करायची." वाटेत शेरडं राखणाऱ्या बायका हात दाखवून गाडी थांबवत होत्या. "वाघझरी का? जागा हाय का ओ?" नाना ओरडायचे, "मागनं दुसरी येतीया, मोकळी हाय!" नवव्या वळणावर जांभळाच्या फांदीला वरचा अंदाज लावायला आबांनी काठी उंच धरली, फांदी वीतभर वरच राहिली. चौदाव्यावर पुढच्या कोपऱ्याला दगड लागला, तो पहारीनं उचकटून काढला आणि गाडी मागे घेऊन पुन्हा नेली. आबा कुठेही सूट देत नव्हते. एखाद्या वळणावर खात्री वाटली नाही तर तीन तीनदा नेत होते. खांदे सोलवटून निघाले होते.

सतराव्या वळणाशी आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ते शेवटचं अवघड वळण. तिथून पुढे गावापर्यंत रस्ता सरळ आहे. वळणाच्या आतल्या अंगाला, डोंगराशी लागून, मोठा ऐन होता. दोघांनी मिळून कवेत घ्यावा लागेल असा. बाहेरच्या अंगाला दरी. पुढची माणसं कडेला गेली, त्यांच्या पायाखालचे खडे खाली घरंगळले, आणि आबा म्हणाले, "बस, बाहेर आता जागा नाही. वळवा."

पुढचे वळले. आणि माझ्या कोपऱ्याचा बांबू ऐनाच्या खोडाला टेकला.

मला तो धक्का खांद्यात जाणवला. पलीकडच्या कोपऱ्यात नानांनाही जाणवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागे सरायचं, चढावर, पुन्हा सगळी चौकट उलटी न्यायची, पुन्हा आणायची. मधल्या बांबूखालच्या फुलाबाईनं डोळे मिटले होते, घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता.

"जरा हिकडं घ्या," नाना हळूच म्हणाले.

मागच्या सहाही जणांनी एक पाऊल दरीच्या बाजूला टाकलं. आडवं. बांबू मोकळा झाला.

"मंदा, मागचं चाक?" पुढून आबांनी विचारलं.

"रस्त्यावर आहे, आबा."

ते खोटं नव्हतं. चाक रस्त्यावरच होतं.

"चला मग," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. गाडी वळणाबाहेर आली. गावाच्या तोंडाशी माणसं उभीच होती, त्यांनी ताटं-तांब्ये वाजवले. शालनवहिनींनी बांबूला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नाना म्हणाले, "वाघझरीऽ, शेवटचा स्टॉप! सामान विसरू नका!" आबा एका दगडावर बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, तांब्या नुसता दोन्ही हातांत धरून ठेवला.

चाचणी पुढच्या शुक्रवारी होती.

फाट्यावर गाडी आली तेव्हा चालक म्हणून शकील होता. तिशीचा, आबांच्याच हाताखाली शिकलेला. तो आबांच्या पाया पडला. "मामा, तुमच्या गावाला गाडी आणायची म्हणून मी रजा रद्द केली," म्हणाला. मुजुमदारसाहेब पुढच्या सीटवर बसले, मांडीवर फाइल. गावातली पंचवीस-तीस माणसं नको म्हणत असतानाही चढली. त्यांत फुलाबाई होती, तिची दोन लहान नातवंडं होती, नाना होते. साहेबांनी एकदा "अहो, चाचणी आहे, यात्रा नाही" असं म्हणून बघितलं.

"सायेब, रिकामी गाडी काय, कुठं बी चढती," नाना म्हणाले. "भरलेली चढली तर खरं."

आबा गिअरच्या शेजारी दांड्याला धरून उभे राहिले. प्रत्येक वळण यायच्या आत शकीलला सांगत होते. "आता बाहेर घे. थांब. आता मोड." आणि गाडी जात होती. सहावं, सातवं, आठवं. काचांना पानं घासून जायची तेव्हा आतली माणसं टाळ्या वाजवायची. मुजुमदारसाहेबांनी फाइल बंद करून खिडकीतून बघायला सुरुवात केली. बाराव्या वळणानंतर ते म्हणाले, "हिंदुराव, तुम्ही रिटायर व्हायला नको होतं." आबांनी मान वळवली नाही, पण त्यांच्या मानेमागची शीर हलली. सोळावं वळण गेलं.

सतराव्यावर शकीलनं गाडी थांबवली.

तो खाली उतरला. पुढे जाऊन दरीची कड बघितली, मागे येऊन ऐन बघितला, पुन्हा पुढे गेला. वर येऊन हँडब्रेकवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, नाही जात. मागचा पत्रा झाडाला लागतोय. तो वाचवायचा तर पुढचं चाक बाहेर जातंय."

"जातंय," आबा म्हणाले. "मापलंय आम्ही."

"मामा, तुम्ही मापलं असंल. मला वाटत नाही."

"तुला वाटायचा प्रश्न नाही, शकील. ह्याच मापाची चौकट इथनं नेलीय. कुठं टेकली नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, तुम्हीच बसा की! दाखवा त्याला." मग सगळेच म्हणायला लागले. "बसा आबा. एवढं एक वळण." शालनवहिनी साहेबांकडे वळल्या. "साहेब, एकदा बसू द्या त्यांना. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही त्यांच्या गाडीला."

मुजुमदारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मला हे विचारू नका," म्हणाले. "मी खाली उतरून जरा ती दरी बघतो. किती वेळ बघेन सांगता येत नाही." आणि ते खरोखरच उतरले. माणसं हसली, शिट्ट्या पडल्या.

शकीलनं सीट सोडली. आबा बसले.

मी दारातून उतरून मागे आले होते. डावं मागचं चाक आणि ऐनाचं खोड मला समोर दिसत होतं. मधलं अंतरही दिसत होतं. गाडी सुरू झाली. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मंदा, मागं उभी राहा. मागचं चाक सांग." आतून माणसं ओरडत होती, "हिंदुराव डायवरचा विजय असो!" फुलाबाईची नातवंडं मागच्या काचेला नाकं लावून मला वाकुल्या दाखवत होती.

"सगळ्यांना खाली उतरवा," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"मंदा?" आबा म्हणाले. "सांग."

मी पुढे गेले. साहेब दरीकडे तोंड करून उभे होते.

"आबांना दिसत नाही," मी म्हणाले.

इंजिनच्या आवाजात त्यांना कळलं नाही. "काय?"

मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मोठ्यानं. "आबांना दिसत नाही! काचबिंदू आहे त्यांना. कडेचं काही दिसत नाही."

इंजिन बंद झालं. ते आबांनीच केलं. नंतर मी अनेकदा आठवून बघितलं आहे, ते शकीलनं केलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. आबांनी चावी फिरवली, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसले.

साहेब खिडकीशी आले. "हिंदुराव, खरं आहे?"

"समोरचं दिसतं," आबा म्हणाले.

"मी कडेचं विचारतोय."

गाडीतून माणसं एकेक करून उतरली. दरीकडून चढणारा वारा होता, बायकांनी पदर घट्ट धरले होते. शालनवहिनी कुणा एकाकडे न बघता म्हणाल्या, "मग मापलं कसं?"

बांबूची गाडी उचललेले बारा जण तिथे होतो. मला फुलाबाई दिसत होती. नाना दिसत होते, ते चपलेनं मुरूम उकरत होते. मग नाना म्हणाले, "आमी आपलं उचललं. मापायचं आबा बघत व्हते."

"दिसतच नव्हतं तर मापणार काय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी काही बोलले नाही.

शकीलनं सोळाव्या वळणापर्यंत गाडी उलटी नेली. तिथे थोडी रुंद जागा होती. आबा गाडीत बसून खाली गेले नाहीत, की गावातल्या माणसांबरोबर वरही आले नाहीत. सगळे पुढे निघून गेल्यावर एकटेच चालत आले, डोंगराच्या बाजूनं, एक हात बाहेर काढून. मी त्यांच्या मागे वीस पावलांवर होते. ते अडखळले नाहीत, थांबले नाहीत.

घरी आल्यावर मी चहा टाकला. ते उंबऱ्यात बसले होते, पाठ माझ्याकडे.

"मंदा."

"काय आबा?"

"ऐनापाशी त्या दिवशी पाय आडवा पडला होता का कुणाचा?"

चहाला आधण आलं होतं. मी भांड्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," आबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शालनवहिनींनी कागदावर सही केली. शब्द दिला होता. दिवाळीनंतर करवतीची यंत्रं आली आणि एकशे त्रेचाळीस झाडं नऊ दिवसांत पडली. ते नऊ दिवस आबा घरात होते. रस्ता रुंद, काळा, गुळगुळीत झाला. मोठी गाडी आली, तिला हार घातले गेले. पण रुंद रस्त्यानं गाडीच्या आधी मोटारसायकली वर आल्या, मग पिकअप आल्या. ज्याच्या त्याच्या दारात काहीतरी उभं राहिलं. चार वर्षांनी प्रवासी नाहीत म्हणून एक फेरी बंद झाली, सहाव्या वर्षी दुसरी. झऱ्याचं पाणी आता मार्चपर्यंत पुरतं.

गावात कुणी आबांना वाईट बोललं नाही. "म्हातारपण कुणाला चुकलंय," असं म्हणत. "जिद्द होती, पण डोळं न्हवतं." नाना दर दसऱ्याला घरी येऊन सोनं देत, आबांच्या समोर बसत आणि लवकर उठत. दोन वर्षांनी नाना वारले.

आबांची नळी लहान होत होत बंद झाली. झाडं होती तोवर ते फाट्यापर्यंत एकटे जाऊन यायचे, हे मला नंतर कळलं. सावली आली की हिरडे, सावली सुटली की दहावं वळण, पुन्हा गार लागलं की जांभळी. डोळ्यांचं काम ते अंगावरच्या उन्हाकडून करून घेत होते. झाडं गेल्यावर सातही किलोमीटर एकसारखं ऊन लागायला लागलं. एकदा ते पाचव्या वळणावर रस्ता सोडून भलतीकडेच उतरले, संध्याकाळी गुराख्यांनी आणून सोडलं. त्यानंतर ते अंगणाबाहेर गेले नाहीत.

मी दर रविवारी रात्री मुक्कामाला यायचे आणि सोमवारी त्यांच्याजवळ असायचे. आमच्यात भांडण नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, पुस्तकं वाचून दाखवायचे, ते ऐकायचे, मधेच हसायचेही. फक्त एक गोष्ट होती. दूध उतू चाललंय का, आभाळ भरून आलंय का, दारात कोण उभं आहे, हे ते शेजारच्या कलाकाकूला विचारायचे. मी समोर बसलेली असले तरी हाक मारून तिला विचारायचे. "कला, कोण आलंय गं?" अकरा वर्षं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की मंदा, काय दिसतंय.

त्या शुक्रवारी माझ्याजवळ दोन खऱ्या गोष्टी होत्या. गाडी थांबवायला त्यांतली कुठलीही एक पुरली असती. "चौकट गेली नव्हती, आम्ही पाय आडवा टाकला," एवढं म्हटलं असतं तर माणसं उतरली असती, शकीलनं गाडी मागे घेतली असती आणि आबा खाली मान घालून घरी आले नसते. ती गोष्ट माझी होती. मी त्यांची सांगितली.

आबांना जाऊन दोन महिने झाले. जायच्या आधी बारा दिवस त्यांना तालुक्याच्या दवाखान्यातून घरी सोडलं. घरीच न्या, असं डॉक्टर म्हणाले, त्याचा अर्थ त्यांनाही कळला होता. बस नव्हतीच. मी भाड्याची मोटार केली. आबा मागे माझ्या शेजारी, शाल पांघरून, डोकं मागे टेकून. फाटा गेला, चढ लागला. मोटार कुठेही न थबकता वळणं घेत होती, पूर्वीची वळणं पोटात जाणवायची तशी ती आता जाणवतही नव्हती.

"कुठं आलो?" आबांनी विचारलं.

मला वाटलं, चालकाला विचारलं. पण त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला होता.

मी बाहेर बघितलं. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. मनात आलं, म्हणावं, जांभळीपाशी आलोय आबा.

"कळत नाही," मी म्हणाले. "सगळं सारखंच दिसतंय."

"हं."

आणखी एक वळण गेलं. की दोन, कोण जाणे.

"आबा, पाय आडवा पडला होता," मी म्हणाले. "मागच्या सहाही जणांचा. माझाही. मी बघत होते."

मग शालीतून एक हात बाहेर आला.

"किती?"

"काय किती?"

"पाय. किती आडवा?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत फिरवून दाखवला. "एवढा. हातभर."

"हातभर," आबा म्हणाले. ते मनात काहीतरी मांडत होते, ओठ हलत होते. "दरीकडनं खालपासून दगडाचा बांध घालून वर आणला असता. वर मुरूम. हातभर रस्ता निघाला असता तिथं." थांबून श्वास घेतला. "दहा माणसं. दोन दिवसांचं काम."

चालकानं आरशातून एकदा बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

आबांनी हात सोडवून घेतला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बघ बाहेर. सांगत राहा. आहे ते सांग."

मी काच खाली केली. "डावीकडे डोंगर, आबा. तांबडा. नुसता कापलेला," मी सांगायला लागले. "पुढे एक मोटारसायकल आलीय, दोघं बसलेत. कठडा आहे, पांढरा. त्याच्यापलीकडे दरी."

"आणि इकडं? झाडं होती तिथं?"

"इकडे काही नाही."